जांभळ्या दगडात दीड तास

लिन्या बोआ फोन्ते,
मंगळवार, २४ फेब्रुवारी

तीर्थरूप झेनाइदेताईस,

धाकटा भाऊ ओलिव्हियो याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. डावा खुबा वाकत नसल्यामुळे प्रत्यक्षात तो तीन-चार अंगांवरच आटोपतो, आणि मग उठवायला दोन माणसं लागतात.) तुझी तब्येत कशी आहे? तोरेसच्या दमट हवेने गुडघे अजून धरतात का? मांजर व्याली का? इकडे सर्व क्षेम आहे. द्राक्षं उतरवून झाली, मका बरा आहे, गाय आटली आहे. तुझ्या भावजयीचं, नेल्सीचं, बोलणं मात्र आटलेलं नाही. फोन न करता पत्र का लिहितोय असं तू विचारशील, तर फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. एकेचाळीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून रोग्यांना गप्प करण्यात गेली, त्याला तू तरी काय करणार? कागद बिचारा मध्ये बोलत नाही.

आधी नाताळातल्या भांडणाचं बोलू. तू मला सगळ्यांसमोर भित्रा म्हणालीस, त्याबद्दल माझा राग अजून आहे. मी तेव्हा ताडकन उठून निघून जाणार होतो, पण दारापर्यंत पोचायला मला इतका वेळ लागला की तोवर तुझं सगळं बोलून झालं आणि वर तूच दार उघडून दिलंस. खुबा बदलून घे, तू पुन्हा चालशील, हे तू तीन वर्षं सांगते आहेस. आता तर जिल्ह्याच्या दवाखान्यातून कागदही आला आहे. अडीच वर्षांच्या रांगेनंतर माझा नंबर लागलाय, १८ मार्च, सकाळी सात वाजता. हो की नाही ते शुक्रवारपर्यंत कळवायचं, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाणार. आता बाबा हर्नियासाठी म्हणून शीळ घालत त्या दवाखान्यात चालत गेले होते आणि ट्रकमधून आडवे परत आले, हे तुला मी सांगायला नको. तेव्हा दवाखाना वेगळा होता, औषधं वेगळी होती, हे सगळं तू मला समजावलं आहेस आणि मला ते पटलंही आहे. पण पटणं डोक्यात होतं आणि भीती पोटात असते, आणि माझ्या या दोन ठिकाणांचं एकमेकांशी फारसं येणंजाणं नाही. म्हणून कागद पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. (नेल्सीला तो दुसऱ्याच दिवशी सापडला. तिने वाचला, पुन्हा तिथेच ठेवला, आणि त्या दिवसापासून माझ्या उशाखाली एक जांभळा दगड येऊन पडला.)

इथून मूळ विषयाला येतो. तुला ठाऊकच आहे की नेल्सीने गेल्या वर्षापासून दगडांनी लोकांना बरं करायचं काढलं आहे. मी चौतीस वर्षं काळ्या कातळाच्या पोटात शिरून अमेथिस्ट, म्हणजे हाच जांभळा दगड, काढला. ड्रिल एकदम आत गेलं की समजायचं, ढोली लागली, म्हणजे आतून स्फटिकांच्या टोकांनी मढलेला पोकळ दगड. मग भोकातून तारेला बांधलेला दिवा सोडायचा आणि आत डोकावायचं, की सगळा जांभळा लखलखाट. इतकी वर्षं मी या दगडाला टेकून जेवलो, त्याच्यावर पाय ठेवून माते हा आपला कडू पाल्याचा चहा प्यायलो, त्याची भुकटी नाकातोंडात घेतली. या दगडात औषध असतं तर जगातला सर्वांत ठणठणीत माणूस मीच झालो असतो, हे मी नेल्सीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही त्याला फोडून काढत होता. ज्याला घणाने हाणलं तो कशाला तुम्हाला बरं करेल?"

तिच्या शास्त्राप्रमाणे झोप येत नसेल तर दगड उशाखाली, डोकं दुखत असेल तर कपाळावर, घरात वादावादी होत असेल तर उंबऱ्यापाशी. (उंबऱ्यापाशी ठेवला आहे. मी दोनदा त्यालाच अडखळलो आणि दोन्ही वेळा वादावादी झाली.) दारू सुटायला तो गळ्यात घालतात. हे ऐकून तिच्या भावाने, म्हणजे अदेलारने, बटाट्याएवढा दगड गळ्यात बांधला आहे. दगड असल्यावर चढत नाही अशी त्याची पक्की श्रद्धा बसल्यामुळे तो आता निर्धास्तपणे दुप्पट पितो. नेल्सीने सुरुवातीला दगडांत शक्ती भरायची म्हणून ते महिनाभर उन्हात मांडले होते. जांभळा दगड उन्हात विटतो हे खाणीतल्या कुणालाही माहीत असतं, पण मला कुणी विचारलं नाही. सगळे धुणवणासारखे पांढरट झाले. तेव्हा तिने गिऱ्हाइकांना सांगितलं की या दगडांनी लोकांची इतकी दुखणी शोषून घेतली की त्यांचा रंग उडाला. ते विटके दगड आधी खपले. माझ्या बायकोची अक्कल मी कधी नाकारलेली नाही.

तर आपल्या शेडमध्ये ती मोठी ढोली आहे ना, जी मी आणि अदेलारने निवृत्तीच्या वर्षी अख्खी काढली, तिच्यात नेल्सी लोकांना बसवते. आडवी ठेवली आहे, तोंड दाराकडे, आतला तळ घासून सपाट केला आहे, त्यावर घोड्याच्या खोगिरावर घालतात ते मेंढीचं कातडं. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. मागच्या आठवड्यात साओ पावलोच्या एका धिप्पाड गृहस्थाचं कोपर लागून आतलं एक टोक निखळलं. शनिवारी अकराला शहरातून बस यायची होती. नेल्सी म्हणाली, "तेवढं चिकटवून द्या, खाणीतले ना तुम्ही?" मी कपाळाला खाणीतला दिवा बांधला, झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी घेतली आणि आत शिरलो. शिरताना मांडी घालावी लागते. तीन वर्षांत मी मांडी घातलेली नव्हती. कशी घातली गेली ते मला सांगता येणार नाही, पण घातली गेली, टोक चिकटलं, आणि मग खुब्यात कट्ट असा आवाज होऊन सगळं जाम झालं. हलायला गेलो की डोळ्यांपुढे काजवे. त्या गडबडीत नळी दाबली गेली आणि उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना चिकटून बसलं.

आता चित्र डोळ्यांपुढे आण. ताठ पाठ (वाकलं की मागची टोकं रुततात), घट्ट मांडी, कळ येते म्हणून मिटलेले डोळे, कपाळावर उजेड, आणि गुडघ्यावर ठेवलेल्या हाताची ती ध्यानवाल्यांची खूण. अशा अवस्थेत बस अर्धा तास लवकर आली. सतरा माणसं दारात उभी राहिली. कुणीतरी विचारलं, हे कोण? मी डोळ्याच्या फटीतून पाहिलं, तर नेल्सी कणकेचे हात घेऊन मागे उभी. तिला माझा चेहरा चौतीस वर्षं ठाऊक आहे, तेव्हा मी अडकलोय हे तिला कळलं होतं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हळू बोला. ते ध्यानात आहेत." आमच्या संसारात तिने माझ्याबद्दल इतक्या आदराने बोलण्याची ही पहिलीच वेळ.

पुढचा दीड तास मी गुरू होतो. माणसं जमिनीवर बसली, सगळ्यांनी बोटांची तशीच खूण केली. मी कळ आली की "हं" करायचो, की तेही "हं" करायचे. आणि ताई, हे नेल्सीला सांगू नकोस, पण मधला काही वेळ मला बरं वाटलं. हललो नाही तर दुखत नव्हतं. चौतीस वर्षांत मी त्या दगडापाशी कधी नुसता बसलो नव्हतो, त्याला बाहेर काढायचीच घाई. आत इतकं शांत असतं की आपला श्वास आपल्याला ऐकू येतो. मला उगाचच वाटलं की अजून बरीच वर्षं हा श्वास असा चालायला हरकत नाही.

मग एकेकाला पुढे येऊन मनातलं बोलायची मुभा आहे असं नेल्सीने जाहीर केलं. (हा नियम तिने त्याच क्षणी काढला.) इवोने नावाची साठीची एक बाई जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "गुरुजी, माझ्या छातीत गाठ आहे. आठ महिने झाले. कुणाला सांगितलं नाही. रोज त्यावर जांभळा दगड ठेवते. अजून किती दिवस ठेवू?"

मी डोळे उघडले. तिच्या गळ्यात तसलाच एक विटका दगड होता. मला बोलल्यावाचून राहवेना. म्हटलं, "बाई, मी गुरू नाही. मी खाणवाला आहे आणि इथे अडकलोय. हा दगड मला माझ्या हातांइतका माहीत आहे. चांगला आहे, दिसतो छान, जवळ ठेवा. पण गाठ त्याला दाखवू नका, डॉक्टरला दाखवा. सोमवारीच जा."

"भीती वाटते हो," ती म्हणाली.

"वाटणारच. एकट्या जाऊ नका. ज्याच्यासमोर घाबरता येईल असं कुणीतरी बरोबर न्या."

तिने माझ्या मांडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि तुम्ही का असे बसलात? पाय दुखतोय का?" मी म्हटलं, खुबा. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवलात?" मागे नेल्सीला एकदम खोकला आला. मी "हं" केलं, पण यावेळी कुणी मागून "हं" केलं नाही. ताई, पिठाच्या डब्यामागचा तो कागद मला तिथून, भिंतीपलीकडून, दिसत होता. दुसऱ्याला इतकी शहाणी गोष्ट इतक्या सहज सांगणारा माणूस स्वतः काय करतो आहे, हे सतरा माणसांसमोर बसून पाहायला लागणं बरं नव्हे.

शेवटी अदेलार आणि बसच्या ड्रायव्हरने कातड्याचं टोक धरून, अडलेल्या गाईचं वासरू ओढतात तसं मला बाहेर ओढलं. मी खाणीतल्या भाषेत बोललो. शहरातल्या लोकांना ते मंत्र वाटले. एका मुलीने नखं रंगवायचा रंग काढतात ते पाणी ओतून माझी बोटं सोडवली. सगळे खूश होऊन गेले, आणि पुढच्या शनिवारी गुरुजी कधी बसणार असं विचारणारे सहा फोन आले. नेल्सीने मला पांढरा सदरा शिवायला कापडही आणलं आहे. इवोनेबाईंचा फोन आज सकाळी आला. काल त्या सुनेला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आल्या. तपासण्या लावल्या आहेत, निकाल पंधरा दिवसांनी. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट झोप लागली म्हणाल्या. दगड उशाखालीच होता, असंही म्हणाल्या. असू दे.

बाकी विशेष काही नाही. दगडांबद्दल माझं मत अजून तेच आहे आणि नाताळातला रागही कायम आहे, याची नोंद घ्यावी. मुलाबाळांना आशीर्वाद, मांजरीची खबर कळवणे.

तुझा धाकटा,
ओलिव्हियो

ता. क. १ : नाताळात तू म्हणालीस ते इतकं काही चूक नव्हतं. पण हे कुणाला वाचून दाखवू नकोस.

ता. क. २ : कागदावर काल 'हो' लिहून सही केली आणि नेल्सीबरोबर जिल्ह्याला पाठवून दिला. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. १८ मार्चचं नक्की.

ता. क. ३ : तोरेसहून आदल्या दिवशी सकाळची बस घेतलीस तर संध्याकाळपर्यंत पोचशील. नेल्सी बरोबर असणारच आहे, म्हणजे मी एकटा आहे असं नाही. पण तिच्यासमोर मी हसत हसत आत जाणार, मला माहीत आहे, कारण मी हसलो नाही तर ती मोडून पडेल. तू ये. आत जाण्याआधी मला थोडं रडायचं आहे, आणि ते मला तुझ्याशिवाय कुणाजवळ जमत नाही.