दाखवायची राहिलेली दोन मिनिटं

पनवेल,
रविवार, ता. १ डिसेंबर १९६३

ती. हदासाताईस,
सॉलोमनचा शालोम.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तिची तब्येत ठीक आहे. गुडघे धरतात, पण शब्बाथच्या स्वयंपाकाला अजून कुणाला हात लावू देत नाही. सिनेगॉगमध्ये दहा माणसं जमवायची म्हणजे आता घरोघर निरोप धाडावे लागतात. काल नऊच जण होतो. दहावा धापा टाकत आला तेव्हा कुठे प्रार्थना सुरू झाली. निम्मं पनवेल तुम्ही तिकडे इस्रायलात, लोदला नेलंत, त्याला आम्ही काय करणार!

दानिएल सैन्यात भरती झाला हे वाचलं. तिकडे सगळ्याच पोरांना जावं लागतं हे ठाऊक आहे, तरी आईनं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. त्यानं तुला जे विचारलं, त्याबद्दल लिहितोच. आधी माझ्या कामाचं सांगतो.

दादरच्या स्टुडिओत मी आता मुख्य एडिटर झालो. शेठनी लढाईचं मोठं चित्र काढलंय, बर्फातल्या चौकीवरचं. त्याचा ट्रेलर माझ्याकडे दिला. ताई, तुला वाटेल, तीन मिनिटांच्या झलकीत काय एवढं! पण खरी कसोटी तिथेच. चित्राला अडीच तास मिळतात, मला तीन मिनिटांत माणसाच्या छातीत धडधड उभी करायची असते. आणि ती करता येते. मला येते.

सुरुवातीला पडदा काळाच ठेवला. नुसता वारा. मग बुटांचा आवाज, पण बूट दिसत नाहीत. आवाज आधी आला आणि चित्र मागून आलं की माणूस खुर्चीत पुढे सरकतो. मग एका जवानाचा चेहरा, अगदी जवळून, भुवईवर बर्फ. तो कुठेतरी बघतोय. काय बघतोय ते मी दाखवत नाही. मग ढोल. आधी संथ, नाडीसारखा. जसजसा ढोल वाढतो तसतसे तुकडे आखूड करत जायचे. शेवटी सेकंदाला तीन तुकडे. डोळ्यांना नीट दिसायच्या आत पुढचा. मग एकदम सगळं बंद. तेवढ्या शांततेनंतर जो स्फोट येतो, तो मूळच्या दुप्पट मोठा वाटतो. खरं तर तो स्फोट आम्ही पत्र्यावर ओली गोणी आपटून केलाय. शत्रूचा चेहरा एकदाही नाही, फक्त सावल्या. चेहरा दिसला की लोकांना तो माणूस वाटायला लागतो, मग टाळी पडत नाही.

इथल्या टॉकीजमध्ये नझीर मशीन चालवतो, माझ्या शाळेतला. मोठ्या थिएटरात जाण्याआधी पनवेलच्या लोकांपुढे लावून बघू, असं मी शेठना म्हटलं. दहा दिवसांपूर्वी, गुरुवारच्या मॅटिनीला लावला. काय शिट्या पडल्या ताई! पुढच्या रांगेतले खुर्च्यांवर उभे राहिले. नझीर खिडकीतून ओरडला, "माशाल्ला, सॉलोमन! पुन्हा लावू?"

मी दाराशी उभा होतो, छाती फुगवून. तेवढ्यात कोळीवाड्यातली सखूबाई उठून बाहेर आली. तीच, आपल्या दारी बोंबील घेऊन यायची ती. त्या दिवशीचं चित्र अजून सुरूही झालं नव्हतं.

मी म्हटलं, "सखूबाई, चाललीस का? आवडलं नाही?"

ती म्हणाली, "माजा पोरगा बळीराम तिकडं हाय, बर्फात. तुमी त्याचा तमाशा केलाव."

"अगं, त्यांच्याच शौर्याचं आहे ते."

"आसंल. पन पडलेला मानूस तुमी दाकवत नाय. पडला का नाय, लगेच दुसरा चित्र. मंग ह्या पोरांना शिट्या मारायला काय जाताय?" पदर डोक्यावर घेतला आणि उन्हात निघून गेली.

मी हसून सोडून देणार होतो. हसू आलं नाही.

सोमवारी दादरला जाऊन ट्रेलर परत उघडला. शेठनी मूळ चित्रातून काढून टाकलेला एक तुकडा डब्यात पडून होता. चकमक संपलीय, एक जवान मेलेल्या सोबत्याच्या बुटांच्या नाड्या सोडतोय. बोटं गारठलीत, गाठ सुटत नाही. स्फोटानंतर तो जोडला. अकरा सेकंद. ढोल नाही, वारासुद्धा नाही.

शेठ बघून म्हणाले, "सॉलोमन, हे बघून तिकीट कोण काढेल?"

मी म्हटलं, "शेठ, वीस वर्षं हेच करतोय. पनवेलला लावू. लोक उठून गेले तर मी माझ्या हातानं काढीन."

परवा लावला. एकही शिटी नाही. कुणी उठलंही नाही. नझीर खाली येऊन म्हणाला, "कसम से, आज पहिल्यांदा मला माझ्या मशीनची घरघर ऐकू आली." शेठ मागच्या खुर्चीत बसले होते. मग म्हणाले, "अकरा फार होतात. सात ठेव." सात ठेवले. सात पुरेत. पुढच्या महिन्यात मुंबईत लागेल.

आता तुझ्या पत्राकडे येतो. इतका वेळ लांबवलं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. लहानपणीही मी असाच होतो.

तू लिहिलंस, दानिएल विचारतो की बाबा लढाईवर का गेले. आणि खाली लिहिलंस, "त्याला काय सांगू? माझ्याशी भांडून गेले म्हणून?"

ताई, एलिएझर भावोजी तुझ्याशी भांडून गेले नाहीत.

त्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं, मला ठाऊक आहे. तुला मुंबईला बिऱ्हाड करायचं होतं, त्यांना कचेरीतली नोकरी सोडायची नव्हती. तसली भांडणं प्रत्येक घरात होतात. पण तू एकोणीस वर्षं तेच कारण धरून बसलीस आणि मी तुला बसू दिलं.

तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि मी इंग्रज सरकारच्या प्रचाराच्या गाडीवर होतो. गावोगाव पडदा बांधून लढाईची फिल्म दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथेच भरतीचं टेबल लागायचं. फिल्मला आवाज होता, पण फाटका. म्हणून मी बाजूला ग्रामोफोन लावायचो. तबकडी कुठे सुरू करायची, कुठे सुई उचलायची, हे मी तिथेच शिकलो. मी आज जो कोणी आहे, तो त्या गाडीवर झालो. साहेब माझ्यावर खूश होते. ज्या गावात मी असायचो तिथे टेबलापुढे रांग लागायची.

त्या फिल्मच्या शेवटी दोन मिनिटांचा तुकडा होता. जखमींची आगगाडी. फळ्यांवर ओळीनं निजवलेली माणसं. एकाला दोन्ही हात नव्हते आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. साहेब म्हणाले, गावांतून हे नको. मी कात्रीनं कापून डब्यात टाकलं.

पनवेलच्या मैदानात दिवेलागणीला खेळ झाला. आपल्याच गावात, म्हणून मी त्या दिवशी जीव ओतला होता. लोक उठून टाळ्या वाजवत होते. गर्दी पांगल्यावर भावोजी गाडीपाशी आले. तू त्यांना ओळखतेस, कुठलाही कागद दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. त्यांनी विचारलं, "सॉलोमन, फिल्म एवढीच आहे का रे? पुढे काही असेल तर मला बघायचंय."

डबा माझ्या पायाशी होता.

मी म्हटलं, "एवढीच आहे, भावोजी."

साहेबांना घाबरून म्हटलं असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. साहेब तेव्हा बंगल्यावर जेवायला गेले होते. भावोजींच्या डोळ्यांत माझ्या कामाचं कौतुक होतं आणि ते मला घालवायचं नव्हतं. एवढंच कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलापुढे रांगेत तिसरे होते. मला बघून त्यांनी हात केला.

तो तुकडा दाखवला असता तर ते थांबले असते का? कदाचित नसतेही. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. त्यांनी नेमकं तेच विचारलं आणि मी खोटं सांगितलं. ब्रह्मदेशातून ते कामी आल्याची तार आली तेव्हा दानिएल तुझ्या पोटात होता आणि तू भिंतीला डोकं लावून म्हणत होतीस, "मी त्यांना बोलले, मी त्यांना बोलले." मी शेजारीच उभा होतो. एका वाक्यात तुला सोडवता आलं असतं.

सखूबाई बोलून गेली त्यानंतर तीन रात्री हे पत्र मनात लिहीत होतो. आज कागदावर उतरलं. आईलाही सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "हदासाला आधी कळव. मग मी तुझ्याशी बोलेन." अजून बोललेली नाही.

तू माझं तोंड बघायचं नाही म्हणालीस तर तो तुझा हक्क आहे. पण ते भांडण आता डोक्यावरून उतरव. तुझा त्यात काही दोष नव्हता.

हे पत्र दानिएलला वाचून दाखव. मामाबद्दल त्याला काय वाटेल ते वाटू दे. त्याला आणखी काही विचारायचं असेल तर मला सरळ लिहू दे. त्याच्या वडिलांना मी खरं उत्तर दिलं नाही. त्याला देईन.

तुझा धाकटा भाऊ,
सॉलोमन