न उघडलेली बरणी

प्रिय मोतीवाली,

त्या दिवशी फोनवर मी तुला नुसतं बघते म्हणाले आणि ठेवून दिला. त्यानंतर तुझे फोन येऊन गेले, ते मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर मला धड खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलायला धीर होत नाही, म्हणून हे पत्र. इथून जाताना तू माझ्याकडे जे दाणे ठेवून गेलीस त्यातले थोडे तरी शिल्लक आहेत का, असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर मी देणारच आहे, पण माझ्या क्रमाने. तुला घाई असेल, ती तुला नेहमीच असते. जरा दम धर.

लॅब आहे तशीच आहे. तुझ्या टेबलावर आता कुणी बसत नाही, त्यावर मी माझ्या रिकाम्या कॅन ठेवते. बेसिनचा नळ अजून गळतो. सांडपाण्यावर संशोधन करणाऱ्यांना स्वतःचा नळ दुरुस्त करता येत नाही हा सरांचा विनोद अजून चालू आहे, आणि आम्ही अजून हसतो, कारण प्रबंधावर सही त्यांचीच लागते. माझा रिअॅक्टर, हवेचे बुडबुडे सोडलेली ती सांडपाण्याची उभी टाकी, कोपऱ्यात गुरगुरत असतो. त्यात अजूनही गाळच आहे. दाणे नाहीत.

आपण दोघी एकाच दिवशी एकाच सांडपाणी केंद्रावर गेलो होतो, आठवतं? एकाच टाकीतून, एकाच बादलीने गाळ काढला आणि निम्मा निम्मा वाटून घेतला. गाडीत तू खिडकी उघडी ठेवून गाणी म्हणत होतीस आणि मी दोन्ही कॅन पायांत धरून बसले होते, सांडू नयेत म्हणून. त्या गाळातल्या जंतूंनी एकमेकांना घट्ट धरावं, त्यांचे मोहरीएवढे गोल दाणे व्हावेत, ते पटकन तळाशी बसावेत, वरचं पाणी लवकर निवळावं, म्हणजे मग टाक्या लहान पुरतील. एवढ्याशा गोष्टीवर आपल्या दोघींची पीएचडी उभी होती. तुझे दाणे पहिल्याच वर्षी झाले. सरांनी चष्मा कपाळावर चढवून तुझी काचेची नळी उजेडात धरली, कितीतरी वेळ फिरवून पाहिली, आणि तुला मोतीवाली म्हणाले. मग माझ्या नळीकडे वळून, तुमचं पण होईल हो, असं म्हणाले. त्या ‘हो’ने माझा तिळपापड झाला.

माझं नाव तर तूच ठेवलं होतंस. पहिल्या दिवशी लॅबमध्ये आलीस, मला बघितलंस आणि ताई म्हणालीस. लग्न, नोकरी, मुलगी असं सगळं आटोपून मी उशिरा शिकायला आले होते हे खरं, पण तुझ्या त्या एका शब्दाने मी सगळ्या मजल्याची ताई झाले. ताईला कुणी स्पर्धक समजत नाही. ताईने डबा वाटायचा, सुट्टीत सगळ्यांचे रिअॅक्टर सांभाळायचे आणि धाकटीचं कौतुक करायचं. मी केलं. तुझा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा पेढे वाटायला तुझ्याआधी मीच धावले, आणि घरी जाऊन भांडी इतक्या जोरात घासली की हे बाहेरून विचारायला आले, कुणाशी भांडलीस म्हणून.

ह्यांना तुझं फार कौतुक. सासूबाईंनाही. तिचं कसं पटकन आटोपलं बघ, असं त्या जेवताना म्हणतात आणि वर मला भात वाढतात. पण सगळ्यात जिव्हारी लागली ती माझी लेक. शाळेत शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. पांढरा कोट, हातात नळी, नळीत गोल गोल ठिपके. मी हरखले. म्हटलं, मी का गं ही? तर म्हणाली, नाही, मावशी. मग माझा चेहरा बघून तिने कोपऱ्यात आणखी एक बाई काढली, बादली घेतलेली. ते चित्र फ्रीजवर लावलंय आणि मी दूध काढताना त्याच्याकडे बघत नाही.

चूक कुठे होत होती हे मला माहीत नव्हतं असं नाही. हवा बंद केल्यावर गाळाला बसायला वेळ द्यायचा, मग वरचं पाणी काढून टाकायचं. तू तो वेळ कमी कमी करत नेलास. जे झटकन बसेल ते ठेवायचं, जे रेंगाळेल ते पाण्याबरोबर जाऊ द्यायचं. रेंगाळणारं गेल्याशिवाय दाणे धरत नाहीत, हे पुस्तकातही आहे. पण माझा हात पाणी सोडायच्या झडपेवर गेला की वाटायचं, अजून थोडा वेळ देऊन बघू, बसेल बिचारं. मी त्या गाळाची बाजू घेत होते. उशिरा बसणाऱ्याला बाहेर काढायचं हे मला पटत नव्हतं, आणि का ते तुला सांगायला नको.

तर तुझी बरणी. पीएचडी आटोपून निघालीस त्या निरोपाच्या दिवशी तू लाल झाकणाची बरणी माझ्या हातात दिलीस, तुझे दाणे भरून. हे घाला तुमच्या रिअॅक्टरमध्ये, म्हणजे तुमचंही होऊन जाईल, असं म्हणालीस. मनापासून म्हणालीस हे मला तेव्हाही कळत होतं, त्याचाच जास्त राग आला. मी तोंड भरून आभार मानले, तुला मिठी मारली, आणि तू फाटकाबाहेर पडलीस तशी ती बरणी लॅबच्या फ्रीजमध्ये सगळ्यात खाली, मागे, जुन्या नमुन्यांच्या बाटल्यांआड ढकलून दिली. तुझ्या दाण्यांवर माझी पीएचडी होणार असेल तर ती मला नको होती. सरांना वाटलं मी ते वापरले. मी त्यांना तसं वाटू दिलं.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात माझा रिअॅक्टर बिघडला. धाग्यासारखे जंतू माजले, गाळ पिंजलेल्या कापसासारखा वर तरंगायला लागला आणि सगळाच्या सगळा वाहून गेला. मी केंद्रावर जाऊन पुन्हा बादली भरून आणली. समितीने मला शेवटची मुदतवाढ दिली आहे. या वर्षअखेरपर्यंत दाणे दिसले नाहीत तर नोंदणी रद्द. सर मला आता ‘होईल हो’सुद्धा म्हणत नाहीत.

अशात तुझा फोन. लागून आलेल्या सुट्ट्यांत तुझ्या नव्या नोकरीच्या ठिकाणचा हवेचा पंप बंद पडला, कुणाला पत्ता नाही, आणि सगळे दाणे फुटून त्याचा चिखल झाला. पुढच्या महिन्यात पाहुणे तुझा प्रकल्प बघायला येणार आणि दाखवायला काहीच नाही. तू रडत होतीस. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. आत कुठेतरी गार वाटलं. मग फोन ठेवला आणि मी धावत जाऊन आधी माझा पंप चालू आहे ना ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बरणी बाहेर काढली. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. ती शिल्लक आहे हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. तुला संपली म्हणून कळवायचं, माझ्या रिअॅक्टरमध्ये ओतायची, आणि वर्षअखेरीला समितीसमोर ऐटीत उभं राहायचं, एवढा सरळ हिशेब होता. कुणी काही विचारलं नसतं. झाकण फिरवलं तर कुजक्या अंड्यांचा वास, आत सगळं काळं ठिक्कर. मेले, म्हटलं. तरी थोडे एका बीकरमध्ये घातले, हवा सोडली, खाऊ घातलं. रोज बघत होते. काळ्याचे करडे झाले, करड्याचे तपकिरी. एका सकाळी हवा बंद केली आणि माझं लक्ष जाईपर्यंत ते तळाशी जाऊन बसलेसुद्धा, गोल, टणक, एकमेकांना न चिकटता. मी एकटीच लॅबमध्ये टाळ्या वाजवल्या. ते कुणाचे आहेत हे त्या क्षणी मी साफ विसरले होते.

नंतर चहा पिताना लक्षात आलं. मी चांगली बाई असते, तू दिल्याच दिवशी ते आनंदाने वापरले असते, तर उन्हाळ्यात माझ्या गाळाबरोबर तेही गटारात गेले असते. आज तुझ्याकडे नसते आणि माझ्याकडेही नसते. मी जळत होते म्हणून ते थंडीत निवांत पडून राहिले. हे कुठल्या प्रबंधात लिहिता येणार नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

सर उद्या तुमच्याकडे बैठकीला निघालेत. त्यांच्याजवळ बर्फाची पेटी देते आहे, पेटीत लाल झाकणाची बरणी, आणि हे पत्र लिहून झालं की झाकणाला चिकटवते. बीकरमधले सगळे दाणे परत त्यात घातले आहेत. आधी लहान भांड्यात जागे कर, मोठ्या टाकीत घालायची घाई करू नकोस, वास आला तर घाबरू नकोस. सगळे पाठवले म्हटलं ते तेवढं खरं नाही. एक चमचा मी ठेवून घेतला आहे. विरजणाला तेवढं पुरतं. आज सकाळी तो माझ्या रिअॅक्टरमध्ये घातला, आणि बसायचा वेळ तू ठेवायचीस तेवढाच ठेवला. बराच गाळ वाहून गेला. मी उभी राहून बघितलं, झडप बंद केली नाही. आता एकच मागणं आहे. पाहुणे येऊन गेले, सगळ्यांनी वाहवा केली की मला लगेच फोन करू नकोस. एक दिवस थांब. तो दिवस मला जळायला लागेल, दुसऱ्या दिवशी मी नीट बोलेन.

तुझीच, आणि तुझ्यावर अजूनही जळणारी,
ताई