स्वयंपाकघरातलं लॅटिन

कोरॉइटच्या अलीकडे, शेतावरून
शनिवार, दुपारी

प्रिय ब्रेंडन यास,

धाकट्या बहिणीचा सप्रेम नमस्कार. तू, ग्वेनवहिनी आणि तुमच्या अंगणातला तो पोहण्याचा हौद, तिघेही पर्थमध्ये खुशाल असाल असं धरून चालते. वहिनींचा रक्तदाब उतरला का ते कळव. मीठ कमी केलं म्हणतात, पण नाताळात त्यांचा हात मीठदाणीकडे कसा जातो ते मी पाहिलं आहे. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. चिखल आहे, वारा समुद्रावरून सरळ कानात शिरतो, आणि भाड्याने दिलेल्या कुरणात दुसऱ्याच्या गाई आपल्या गाईंपेक्षा जास्त धष्टपुष्ट दिसतात, हे मी बाबांना सांगितलेलं नाही.

तुझी ईमेल पोचली. वॉर्नाम्बूलच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होते आहे, पुढच्या पहिल्या तारखेपासून बाबांना तिथे न्यावं, आणि फक्त माझा होकार हवा, असं तू लिहिलंस. तुझं म्हणणं असं की जो माणूस ईस्टरपासून बोललेला नाही त्याला आपलं घर काय आणि परकं घर काय, भिंती सगळीकडे सारख्याच. मी लगेच उत्तर दिलं नाही याचा तुला राग आला असेल. पण मी लॅटिनच्या परीक्षेत अडकले होते. हे वाचून तू चष्मा पुसशील हे मला माहीत आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. (वहिनींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, त्या मला आधीच अर्धवट समजतात.)

तू म्हणशील, या वयात लॅटिन कशाला? कारण साधं आहे. या भागात बटाटा, गाई, फुटबॉल आणि दुसऱ्याचं लग्न या चार विषयांत मी तोंड उघडलं की कोणी ना कोणी मला सुधारतं. मला एक असा विषय हवा होता की ज्यात आसपासच्या कोणालाही ओ की ठो कळणार नाही. कॉलेजच्या ऑनलाइन यादीत 'लॅटिन, नवशिक्यांसाठी' दिसलं आणि मी नाव घातलं. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन वाजता, घरबसल्या. घरबसल्या म्हणजे स्वयंपाकघरात, कारण आपल्या घरात इंटरनेट फक्त मोरीवरच्या खिडकीपाशी येतं. लॅपटॉप पावाच्या डब्यावर, मी स्टुलावर, आणि मागे शेगडीपाशी आपल्या खुर्चीत बाबा. त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावं तर तिथे इतका गारठा की तिथे लोणी पसरत नाही, माणूस काय टिकेल.

आमचे सर म्हणजे डॉक्टर थिओ पापास. मेलबर्नचा, तिशीतला मुलगा, फार सभ्य. पहिल्या दिवशी त्याने अर्धा तास माझ्या छताला लॅटिन शिकवलं आणि मग हळूच म्हणाला, "फिलोमीना, कॅमेरा जरा खाली कराल का?" त्यानंतर पुस्तक सुरू झालं. ब्रेंडन, ते पुस्तक एका शेतकऱ्याबद्दल आहे. पहिल्या धड्यात शेतकऱ्याला मुलगी आवडते. दुसऱ्यात शेतकरी मुलीची स्तुती करतो. तिसऱ्यात तो तिला गुलाब देतो. पाचवा धडा संपला तरी हा माणूस शेताकडे फिरकलेला नाही. असा शेतकरी मी तरी आपल्या भागात पाहिलेला नाही, आणि लग्न झालं तेव्हा माझ्या वाट्याला जो आला त्याने गुलाब सोड, कांद्याची पातसुद्धा कधी आणून दिली नाही. (देव त्याला शांती देवो.)

तर दुसऱ्याच आठवड्यात आम्ही सगळे थिओच्या मागून शब्द म्हणत होतो. त्याचा उच्चार रोमन लोकांचा, म्हणजे आपल्या लहानपणी चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना म्हणायचे तो नव्हे. मी एक शब्द म्हटला आणि मागून आवाज आला, "चूक."

मी वळून पाहिलं. बाबा शेगडीकडे बघत होते. मला वाटलं भास झाला. मी शब्द पुन्हा म्हटला. "चूक," बाबा म्हणाले, आणि तोच शब्द चर्चच्या पद्धतीने, खणखणीत म्हणून दाखवला. ईस्टरपासून ज्यांनी चहाला हो-नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं ते. मला रडू आलं, आणि वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना वाटलं मला विभक्ती जमत नाही म्हणून रडते आहे. थिओने फार समजुतीने सांगितलं की दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये असाच उच्चार होत असे. बाबांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "हा पोरगा होता का तिथे?"

त्या दिवसापासून ते माझ्याबरोबर शिकायला लागले असं म्हणता येईल. रोज नाही. काही दिवस नुसते डोळे मिटून बसतात. पण गुलाबाचा धडा मी मोठ्याने भाषांतर करत होते तेव्हा ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "आणि दूध कोण काढतं त्याच्याकडे?" मी हे वर्गात सांगितलं. थिओ म्हणाला की इतकी वर्षं हे पुस्तक शिकवूनही हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग आली तोंडी परीक्षा. नियम असा की खोलीत परीक्षार्थी एकटा हवा. आधी लॅपटॉप उचलून चारी भिंती, टेबलाखाली, छत, सगळं दाखवायचं, आणि मग एक यंत्र कान देऊन ऐकत बसतं की दुसरा आवाज येतो का. मी बाबांची खुर्ची महत्प्रयासाने ओसरीच्या दाराबाहेर नेली, दोन गोधड्या घातल्या, हातात गरम पाण्याची बाटली दिली आणि दार लोटलं. पहिले तीन प्रश्न ठीक गेले. चौथ्याला मी जरा थांबले, तर दाराच्या फटीतून उत्तर आलं. पाचव्याला मी थांबलेसुद्धा नव्हते. सगळी उत्तरं मिस्सामधली, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या जुन्या लॅटिन उपासनेतली होती, एकाचाही प्रश्नाशी संबंध नव्हता. पण यंत्राला ते काय कळणार? दुसऱ्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं की तुम्हाला परीक्षेत दुसऱ्या व्यक्तीने मदत केल्याचा संशय आहे, चौकशीला हजर राहा. सहासष्टाव्या वर्षी माझ्यावर कॉपीचा आळ आला, आणि कॉपी पुरवणारा इसम त्र्याण्णवचा. आपली आई हे ऐकायला नाही हे एका परीने बरं.

चौकशीला मी चांगला निळा स्वेटर घातला. पडद्यावर थिओ, आणि मिसेस अडेअर नावाच्या एक बाई, ज्यांच्याकडे पाहून मला आपोआप पाठ ताठ करावीशी वाटली. मी सांगितलं की बाई, त्यांनी मला मदत केली नाही, अडथळा केला, आणि त्यांची उत्तरं धरली असती तर मी नापास झाले असते. मिसेस अडेअर म्हणाल्या, "ते गृहस्थ आत्ता तिथे आहेत का?" मी लॅपटॉप वळवला. पडद्यावर दोन गंभीर चेहरे, जागचे न हलणारे. बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीचे हात धरून ते उभे राहिले. ब्रेंडन, ते एकटे उभे राहिले. त्यांना उठवायला सकाळी मला आणि घरी येणाऱ्या नर्सला मिळून कष्ट पडतात. त्यांनी हात जोडले आणि मिस्साचं पहिलं वाक्य म्हटलं, वेदीच्या पायथ्याशी पाद्री म्हणायचा ते. अर्धं म्हटलं. आणि थांबले.

थिओने हळू आवाजात बाईंना समजावलं की पुढचा अर्धा भाग वेदीसेवकाने, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालच्या मुलाने म्हणायचा असतो, म्हणून आजोबा थांबले आहेत. मिसेस अडेअरनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की मदत झालेली नाही हे उघड आहे, प्रकरण संपलं. मी आभार मानले. बाबा तसेच उभे होते. वाट पाहून पाहून ते शेवटी बसले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला त्या सुटकेचा काही आनंद झाला नाही.

आता ते हे रोज करतात. दोनच्या सुमाराला उठतात, अर्धं वाक्य म्हणतात, थांबतात, बसतात. म्हणून मी ते उत्तर शोधून पाठ केलं. चर्चच्या उच्चारात, चार दिवस घोकून. तुला ते बाबांनी गोठ्यात शिकवलं होतं, संध्याकाळच्या दुधाच्या वेळी. ते पाद्री, तू सेवक, गाई म्हणजे गावची मंडळी, आणि वासरांपुढचा तो लोखंडी दांडा म्हणजे वेदीचा कठडा. मी दांड्याच्या बाहेर, बादली घेऊन. तू नऊ वर्षांचा, मी सहाची, आणि मला ते सगळं तुझ्याआधी पाठ होईल याची मला खात्री होती, पण मला कोणी विचारलं नाही. पुढे मिस्सा इंग्रजीत आली आणि तुझंही सगळं वाया गेलं. तेव्हा मला आनंद झाला होता, हे आज लिहून टाकते.

तर परवा गुरुवारी बाबा उठले, त्यांनी आपलं अर्धं म्हटलं, आणि मी शेजारी उभी राहून माझं अर्धं म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, फार मायेने म्हणाले, "बाळ, मुलींनी कठड्याच्या आत यायचं नसतं. ब्रेंडनला हाक मार. दुधाची गाडी येईल." आणि वाट बघता बघता त्यांनी पुढची रिकामी खुर्ची हाताच्या पंजाने हळूच बाजूला रेटली, गाईचा मागचा पुठ्ठा रेटतात तशी.

ते चर्चमध्ये नव्हतेच, ब्रेंडन. मला, थिओला, त्या मिसेस अडेअरना, सगळ्यांना वाटलं आजोबांना देव आठवला. ते गोठ्यात होते आणि तुला शिकवत होते. मला राग आला. मी मोरीपाशी जाऊन धुतलेल्या बशा पुन्हा धुतल्या. ज्या बाबांना मी रोज भरवते, ज्यांची नखं मी कापते, त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. मग राग गेला, कारण कोणावर धरायचा?

असो. परीक्षेची हकिगत ही अशी आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला. वृद्धाश्रमाचं तू लिहिलंस ते विचार करण्यासारखं आहे. वहिनींना नमस्कार, हौदाला आशीर्वाद.

तुझी बहीण,
फिलोमीना

ता.क. निकाल लागला. पास झाले. थिओने शेरा दिला की व्याकरण उत्तम, उच्चार दोन युगांचा मिश्र. मी पुढच्या भागालाही नाव घातलं आहे. त्यात शेतकरी लढाईवर जातो म्हणे, म्हणजे शेतकाम याही वर्षी नाही.

ता.क. २. 'विचार करण्यासारखं आहे' असं वर लिहिलं ते तुझं मन राखायला. खरं सांगते. मी होकार देत नाही, आणि नकारही देत नाही. मी दमले आहे. त्यांना अंघोळीतून उचलताना माझी पाठ धरते, आणि येत्या वर्षी मला हे जमेल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तेव्हा त्यांना जावं लागेलही. पण ते बोलत नाहीत म्हणून त्यांना पाठवायचं असेल तर ते खोटं आहे. ते बोलतात. तुझ्याशी बोलतात, रोज दुपारी दोनला, आणि तिकडून उत्तर येत नाही. पहिल्या तारखेच्या आधी ये. येऊन एकदा त्यांच्यासमोर बस. मग या टेबलावर तू जे ठरवशील ते मी मान्य करीन, पुन्हा कधी बोलून दाखवणार नाही.

ता.क. ३. फोनवर म्हणतो असं म्हणू नकोस. गेल्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी तो त्यांच्या कानाला लावला होता. तुझा आवाज ऐकून त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि उरलेली दुपार दाराकडे बघत बसले. तुला वाटलं लाइन कटली. सेवकाने पाद्र्याच्या उजव्या हाताला गुडघे टेकायचे असतात. तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय हे मला ठाऊक आहे, म्हणून फरशीवर सोफ्याची उशी ठेवीन. वाक्य विसरला असशील तर त्याचीही काळजी करू नकोस. मी खुर्चीमागे उभी राहून हळूच सांगत जाईन. कठड्याच्या बाहेरून सांगायला मुलींना कधी मनाई नव्हती.