तोरणाची उलटी बाजू

आत्याबाई, सुईत दोरा जाईना म्हणून पेन घेतलं. लिहायला तरी कुठं धड येतं, चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही मी. पण अक्षर मोठं काढलं की दिसतं. भरतकामाच्या मॅटीच्या कापडाची भोकं काही मोठी काढता येत नाहीत.

तुमच्या पणतीचं लग्न ठरलंय. माझ्या थोरल्याची मुलगी, तुम्ही तिला बघितलेलं नाही. तुमचा लेक, माझा मालक, तिकडं वर तुमच्यापाशी आलाय, पण त्यानं काही सांगितलं नसेल, घरातलं काय चाललंय ते त्याला हितं असताना तरी कधी ठाऊक असायचं? तुळशीचं लग्न झालं की हिचं. रुखवत आता दुकानात मिळतं, थर्माकोलचं देऊळ, थर्माकोलची बैलगाडी, लग्न झालं की परत नेऊन द्यायचं. पोरगी म्हणाली, ‘‘आजी, मला ते काही नको. तोरण तेवढं तुझ्या हातचं पाहिजे. सासरच्या दारावर लावणार मी.’’ मी व्हय म्हणून बसले. तोंड माझं आधीपासून असंच, हाताला न विचारता बोलतं.

माझ्या रुखवतात तोरणच होतं, आठवतं का? माहेरी जेऊरला मांडवात मांडलेलं. दोन पोपट, मधे कलश, कडेनं कैऱ्या. बाकीच्या बाया करंज्यांचे आकार बघत होत्या. तुम्ही सरळ येऊन तोरण उचललंत आणि उलटं केलंत. मागं गाठीच गाठी, आणि ह्या पोपटापासून त्या पोपटापर्यंत ओढलेले लांब दोरे. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, ‘‘ह्ये काय हाय? कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत?’’ बाया हसल्या. माझी आईसुद्धा हसली, बिचारीला दुसरं काय करावं ते सुचलं नाही. मी मुंडावळ्यांच्या आडून तुमच्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, ह्या बाईच्या हाताखाली जन्म काढायचा हाय.

सोलापूरला आले तर दोन खोल्या आणि भिंतीपलीकडं माग. खडखडाट एवढा की आधी तुमचं बोलणं ओठांवरून ओळखायला शिकले, टाका नंतर. कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवून तुम्ही दुपार कलताना घरी यायचात, हातपाय धुवायचात, आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ बसून म्हणायचात, ‘‘आन ते कोंबडीचं.’’ आधी टाका, मग पीठ. पिठाचे हात कापडाला लावलेले तुम्हाला चालायचे नाहीत. पहिल्यांदा ते अख्खं तोरण माझ्याकडूनच उसवून घेतलंत. पोपट उसवताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर म्हणालात, ‘‘रड, पन कापडावर नको. रंग उतरंल.’’

मग शिकवलंत. कापडाची चौघडी करायची, घड्या जिथं मिळतात तिथनं सुरू करायचं, कडेनं सुरू केलं तर पोपटाची शेपटी कापडाबाहेर जाते. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक मागं बोटानं धरायचं, पुढच्या टाक्यांखाली ते आपसूक दबतं. माझ्या माहेरी एकेक फुली पुरी करत जायचे. तुम्ही म्हणालात, ‘‘ते चोचीला न् डोळ्याला ठीक हाय, जितं एकटीच फुली असती. अंग भरायचं आसंल तर वळीनं जायचं. जाताना पेरत जायचं, येताना झाकत यायचं.’’ म्हणजे जाताना नुसते तिरके अर्धे टाके, परतीला त्यांच्यावर दुसरे. आणि वरचा टाका सगळीकडं एकाच अंगाला झुकलेला. मी विचारलं, का? ‘‘दोऱ्यावर उजेड पडतो की गं. एक हिकडं, एक तिकडं केलंस तर एकाच हिरव्याचे दोन हिरवे दिसतील.’’ दोरा पिळला की सुई सोडून द्यायची, लोंबू द्यायची, ती गरगर फिरून पीळ आपोआप उतरतो. शेजारची अक्का उंबऱ्यावर विड्या वळता वळता म्हणायची, ‘‘बाईला बी असं सोडलं पायजे मधी मधी.’’ तुम्ही तिला म्हणालात, ‘‘तुला कुनी धरलंय?’’

पुन्हा भरलेलं तोरण तुम्ही स्वतः दारावर लावलंत. चांगलं झालंय असं एका शब्दानं म्हणाला नाहीत. पण कोणी पाहुणी आली की चहाच्या आधी तिला दारापाशी न्यायचात आणि म्हणायचात, ‘‘उलटं करून बघा की.’’ मी आत भांडी आपटत ऐकायची. तेवढंच काय ते कौतुक, आणि त्याच्यावर मी तुमच्याबरोबर एवढी वर्षं काढली.

आता तुमची पणती मला मोबाईल बघून शिकवते. पुसून जाणाऱ्या पेनानं तिनं कापडावर चौकोन आखून दिले, का तर मोजताना चुकायला नको. एकच लांब पदर घेते, मधोमध दुमडते, दोन्ही टोकं सुईत, मागं फासा राहतो, त्यातनं सुई काढून ओढते. ‘‘बघ आजी, गाठ नाही आणि शेपूटही नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मोबाईलला इचार, भाकरी कशी फुगती.’’ पण आत्याबाई, फाशाची युक्ती चांगली आहे. तुम्हीसुद्धा आधी तोंड वाकडं केलं असतंत आणि मग कारखान्याला गेल्यावर ती गुपचूप करून बघितली असतीत.

घोळ माझ्याकडून झाला. लांब कापड मांडीवरून घसरत होतं, म्हणून मी ते आडव्याचं उभं धरलं आणि तसेच दोन पोपट भरले. उभं धरलं की उजवीकडं झुकणारा टाका डावीकडं झुकतो, हे शेंबड्या पोरीलाही कळतं. पोरीनं सकाळी तोरण खिडकीत धरलं. ‘‘आजी, हे दोन पोपट दुसऱ्या दोऱ्याचे आहेत का गं?’’

‘‘त्याच लडीतले हायत.’’

‘‘मग फिके का दिसतात? तुला दिसत नाही?’’

‘‘मला लई दिसतं. तुझा बाप न्हाणीमागं तंबाखू खायचा ते ह्याच डोळ्यांनी बघितलंय मी.’’

‘‘ते कधी?’’

‘‘तू जन्मायच्या आदी.’’

ती हसली नाही. सुई पुढं केली. ‘‘ओवून दाखव.’’ मी दोरा ओठात ओला केला, टोक चपटं केलं, आणि सुईच्या शेजारनं हवेत घातलं. एकदा, दोनदा. मग तीच म्हणाली, ‘‘राहू दे.’’ तसं राहू दे कोणी म्हटलेलं मला आवडत नाही. डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय हे डॉक्टरनं कधीचं सांगितलंय, मीच लग्न होऊ दे म्हणून ढकलत होते. एकदा आजारी ठरवलं की आधी हातातली सुई काढून घेतात आणि मग टीव्हीसमोर नेऊन बसवतात. तशी बसले की मी संपले.

दोन्ही पोपट तिनंच उसवले आणि पुन्हा भरले. मी शेजारी बसून नुसतं ‘‘झाकत ये, झाकत ये’’ म्हणत होते. थकले बाई. काही न करताच जास्त थकायला होतं. तोरण पुरं झालं तेव्हा तिनं मिठी मारली आणि म्हणाली, ‘‘आजी, ह्याला अस्तर लावायचं नाही हं. सासूबाईंना मी सांगणार आहे, उलटं करून बघा.’’ तुमची गोष्ट मीच तिला शंभरदा सांगितलेली, दोष कोणाला देऊ?

ती बाहेर गेल्यावर मी तोरण उलटं केलं आणि बोट फिरवत गेले. तिच्या पोपटांवर बोट कुठं अडत नाही. माझ्या कैऱ्यांवर अडतं. टोक दाबायला टाका दिसत नव्हता म्हणून मी गाठी मारत गेलेय, आणि सुई पुन्हा ओवायला नको म्हणून ह्या कैरीवरनं त्या कैरीवर दोरे ओढलेत. ते दोन पोपट सोडले तर पोरीनं बाकीचं कधी मागनं बघितलंच नाही. आजीचं म्हटल्यावर कशाला बघेल?

तुम्ही म्हणायचात, अस्तर लावती ती बाई काय तरी झाकती. मी पोरीकडून चार सुया ओवून घेतल्या, बटणं लावायची हायत म्हणून सांगितलं. दुपारी घर रिकामं होतं. अस्तराला भोकं मोजावी लागत नाहीत, बोटाच्या अंदाजानं धावदोरा घालत गेले. ती आली, तोरण हातात घेतलं, आणि म्हणाली, ‘‘आजी, अस्तर?’’

‘‘धुन्यात टिकतं.’’

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोरणाची घडी घातली. डोळ्याच्या ऑपरेशनला आता मी व्हय म्हटलंय, लग्नानंतरच्या.

हिरवा दोरा थोडा उरलाय. तो गुंडाळायला जाड कागद लागतो, हा लिहिलेला चालेल. अस्तर टिकायबिकायसाठी काही नाही, आत्याबाई. तुम्हाला म्हणून सांगते, त्याच्या आत कोंबडी आहे.