डोळे उत्तम, छपाई खराब

३ ऑक्टोबर, शनिवार
नवी वही सुरू. पहिल्या पानावर नाव घातलं, सिक्स्टेन. आधीची चार महिन्यांत संपली. हल्ली वह्या फार पातळ काढतात. पानावर जेमतेम सात ओळी मावतात.
निर्धार: नोव्हेंबरच्या रिलेत शेवटचा टप्पा मी धावणार. बावीस वर्षं आम्ही चौघं, म्हणजे इंगवे, हेडविग, तागे आणि मी, ही ओरिएंटिअरिंगची रिले धावतोय. नकाशा आणि होकायंत्र घेऊन थंडीत जंगलातल्या खुणा शोधायच्या. दोनदा चौथे आलो. पहिल्या तीन संघांच्या चौथऱ्यावर एकदाही चढलो नाही. आणि जानेवारीत तागे कायमचा मुलीकडे माल्मोला चाललाय. त्याला एकदा तरी त्या चौथऱ्यावर उभं करायचं. ते काम माझं.
उद्यापासून रोज पहाटे धावणे.

४ ऑक्टोबर, रविवार
पहाटे गारांचा पाऊस. उद्यापासून.

६ ऑक्टोबर, मंगळवार
क्लबचा सराव. नकाशाची छपाई दिवसेंदिवस बिघडत चाललीय. प्रत्येक खुणेचा नंबर ज्या चिठ्ठीशी जुळवायचा, ती तर मुंग्या चालून गेल्यासारखी. तक्रार केली. इंगवे म्हणाला, यंत्र तेच, कागद तोच. हेडविगने होकायंत्रावर बसवायचं छोटं भिंग पुढे केलं. म्हटलं, पोस्टाची तिकिटं जमवायला लागलो की घेईन. हे दोघं हसले. तागे हसला नाही. त्याला विनोद उशिरा कळतात.
पाचव्या खुणेऐवजी शाळेच्या मुलांच्या वाटेवरची खूण गाठली. वेग मात्र उत्तम होता.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
अख्ख्या गावाला बर्फावर चालणारे टायर एकाच आठवड्यात हवेत. मी काम करतो त्या टायरच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. त्यात टायरच्या कडेचे आकडे आता मुद्दाम बारीक कोरतात. चर्चच्या पाद्रीणबाईंच्या गाडीला मी एक टायर भलत्याच मापाचा बसवला, म्हणे. मालकाने मला गिऱ्हाइकांना कॉफी द्यायच्या आणि त्यांच्या किल्ल्या घ्यायच्या टेबलामागे बसवलं. अनुभवी चेहरा लोकांसमोर हवा, असा त्याचा विचार असणार.

१५ ऑक्टोबर, गुरुवार
क्लबवर वाटाण्याचं सूप. मी आत शिरलो आणि तिघंही एकदम गप्प झाले. माझंच काहीतरी चांगलं चाललं असणार. तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही आपल्याकडे.
टप्पे ठरवायचं काम इंगवेचं. त्याला म्हटलं, शेवटचा मला दे. त्याने चमचा खाली ठेवला. म्हणाला, आधी चष्म्याच्या दुकानात जायचं, डोळे तपासायचे, देतील ते लावायचं. मग शेवटचा टप्पा माझा. नाहीतर नेहमीसारखा दुसरा, आणि शेवटी तागे.
तागे सुपातून मान वर न करता म्हणाला, "सिक्स्टेनलाच धावू दे. मला एकदा त्याला पहिल्या तिघांत येताना बघायचंय."
मला भरून आलं. सुपात वाटलेली तिखट मोहरी जास्त घातली होती, म्हणून डोळ्यात पाणी आलं असं सांगितलं. उद्याच वेळ घेतो.

२० ऑक्टोबर, मंगळवार
दुपारी तीनची वेळ होती. वेळेवर दुकानाच्या दारात हजर. काचेतून पाहिलं तर बाकावर तीन म्हातारे. नीट पाहिलं तर त्यातला एक माझ्या वर्गातला.
शेजारच्या बेकरीत गेलो. दालचिनीचे दोन बन खाल्ले. घरी.
बायकोने, गुनवोरने, विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, थेट डोळ्यात बसवायची भिंगं दिली. ती जवळ येऊन डोळ्यात बघायला लागली. म्हटलं, ती दिसत नाहीत, तीच तर त्यांची खुबी. तिने फक्त हं केलं.
इंगवेलाही फोन करून तेच सांगितलं. हे खोटं नव्हे. जरा आधी सांगितलं, इतकंच. सोमवारी जाणारच आहे.

२६ ऑक्टोबर, सोमवार
टायरची गर्दी. अशक्य.
तागेचा फोन आला होता. भिंगं टोचतात का, विचारत होता. त्यालाही घ्यायची आहेत. पहिले दोन दिवस टोचली, म्हटलं. रात्री काढून पाण्यात ठेवायची का? हो, पाण्यात. साध्याच? साध्याच.
फोन ठेवला आणि लागोपाठ तीन कप कॉफी प्यायलो. कॉफी कमी करायला हवी.

१ नोव्हेंबर, रविवार
शेवटचा सराव. दलदल गोठलेली, पायाखाली करकर वाजते. एकही खूण चुकलो नाही. हेडविग सतत वीस पावलं पुढे होती, हा योगायोग. तिची वाट आणि माझी वाट एकच निघाली.
इंगवेने पाठ थोपटली. भिंगांनी कमाल केली म्हणाला. उद्या जाणार. काहीही होवो.

२ नोव्हेंबर, सोमवार
गेलो. खरंच आत गेलो. पुढची वेळ सोळा तारखेची. शर्यत सातला. म्हणजे आता दोष माझा राहिला नाही.
नवी योजना: नंबर वाचायचेच नाहीत. नकाशावर मी बरोबर असलो की समोरची खूण बरोबरच असणार. बावीस वर्षांचा अनुभव पायांत आहे. डोळे लागतात कशाला?

५ नोव्हेंबर, गुरुवार
आज इंगवेला सांगून टाकायचं ठरवलं होतं. क्लबच्या दारापर्यंत वाक्य पाठ करत गेलो. आत तागे सगळ्यांना सांगत होता की त्याची मुलगी शर्यत बघायला खास माल्मोहून येतेय. एवढ्या लांबून, आगगाडीने. अशा वेळी रंगाचा बेरंग कशाला?
तीन वाट्या सूप प्यायलो. वाक्य तसंच परत आणलं.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
उणे सहा. मुक्काम शाळेच्या वर्गात, जमिनीवर गाद्या. तागे शेजारी. तो पटकन झोपला. मला झोप नाही. गादी पातळ आहे.

७ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ८
दलिया जात नाही. हेडविग पहिली, इंगवे दुसरा, तागे तिसरा, मी शेवटी. अजून सांगता येईल. इंगवे बूट बांधतोय. बांधून होऊ दे.
बांधून झाले. गेला.

७ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळी
लिहितो. जमेल तसं.
तागेने कमाल केली. सहाव्या जागी निघाला आणि चौथा आला. माझ्या हाताला हात लावताना त्याला बोलता येत नव्हतं, इतकी धाप. मी निघालो. खरंच छान धावलो. ऊन तिरपं, झाडांच्या सावल्या लांब. आठव्या खुणेजवळ एकाला मागे टाकलं. तिसरा!
नववी खूण मोठ्या दगडामागे. तसे दोन दगड होते, साठ पावलांवर. एकामागे खूण दिसली. नंबर पाहिला. ५३ असायला हवा होता. ५३च आहे, असं ठरवलं. कुठल्या खुणांना गेलो याची नोंद ठेवणारी बोटातली चिप टेकवली आणि पळत सुटलो.
शेवटचे शंभर मीटर तिघंही येऊन मिळाले. चौघं हात धरून रेषेपार. मागचा अजून जंगलातच. तागेची मुलगी रडत होती. तागे मला मिठी मारून सोडेना. चौथरा समोर दिसत होता.
मग तंबूत चिप वाचली. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, नववी चुकली. तुम्ही ५८ वर गेलात. एकाची खूण चुकली की चौघंही बाद.
इंगवेने कागद दोनदा वाचला. हेडविगने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांत पुष्कळ वेळ बघितलं. मग सोडलं.
चौथऱ्यावर भलतेच तीन संघ चढले. तागेने टाळ्या वाजवल्या. मुलीला बूट बदलून येतो म्हणाला.

८ नोव्हेंबर, रविवार
आज एकेकट्याने धावायची शर्यत होती, ती आम्ही कुणीच धावलो नाही. परतताना इंगवे गाडी चालवत होता. तासाभराने मीच सांगितलं. दुकान, बेकरी, भिंगं, पाणी. सगळं.
शिव्या देतील वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
शेजारी बसलेल्या तागेने विचारलं, "किती वर्षं झाली नीट दिसेनासं होऊन?"
"तीन," मी म्हणालो.
"आमच्या हिशेबाने पाच." मग म्हणाला, "आम्ही वाट बघत होतो, तू कधी सांगतोस याची."
त्याच्याकडे बघवेना. लाज वाटली. खूप वाटली.
थोड्या वेळाने हेडविग पुढून म्हणाली, बघा रे, बर्फ सुरू झाला. सगळे खिडकीकडे वळले. मीही वळलो.
मला दिसत नाही, मी म्हणालो.