गुलाबी चित्राखालचं नाव

पॅरिस, २८ मे १७८४

ती. उर्सुलताईस,
सा. न. वि. वि.

तुझं चीज पोचलं. वाटेत वितळलं होतं, तरी संपवलं.

ख्रिस्तदेहाच्या सणाला तू दोफीन चौकात चित्र लावणार, असं ऐकलं. मिरवणुकीसाठी घरांवरून सोडलेल्या पडद्यांवर त्या सकाळी कोणीही चित्र टांगावं, हे खरं. पण आमच्या चित्रशाळेचे मास्तर सगळ्या शिष्यांना घेऊन तिथं येतात. गुलाबी ढग, झोक्यावरची बाई, फुगलेले झगे, या सगळ्याला ते केकवरची साखर म्हणतात. खाली आपलं ओब्रिए हे आडनाव वाचलं तर माझी शाळेतली जागा गेलीच. चित्र लाव, पण नाव नको.

या मागणीनं लोभ आटू देऊ नकोस.

तुझा लाझार

प्रोव्हाँ, ३ जून १७८४

चि. लाझारास अनेक आशीर्वाद.

मास्तरांचं थोडं खरं आहे. बाबांनी रंगवलेल्या मेंढपाळणींच्या टाचांना कधी चिखल लागला नाही. आपला भाऊ बेनुआ देवीनं गेला, तेव्हा त्या चित्रांसमोर बसून मी रडायला जागा शोधली. सापडली नाही, तिथं कोणी मरतच नाही. पण आई दीड वर्ष अंथरुणाला खिळली होती, ती बाबांनी दारावर रंगवलेला तो झोकाच बघत होती. तुम्ही शाळेत रंगवता ते तलवारी उपसलेले रोमन तिला काय कामाचे होते? त्या साखरेवरच तू वाढलास, राजा.

नाव राहील, आणि मोठ्या अक्षरांत. तू ओळख दाखवू नकोस, मी रागावणार नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस, एवढंच मागणं.

उर्सुल

पॅरिस, १२ जून १७८४

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

परवा मी मास्तरांच्या मागे उभा होतो आणि तुझ्याकडे पाहिलं नाही, हे तुला दिसलंच असेल. तू पुलावर पाव आणायला गेलीस तेवढ्यात त्यांनी नाव वाचलं आणि ही कोण तुझी, असं विचारलं. नात्यातली नाही म्हण, असं शेजारचा कुजबुजला. मी म्हणालो, थोरली बहीण. आणि चित्रात कातडीचा रंग तिच्यासारखा तुमच्या सबंध शाळेत कोणाला जमत नाही.

काल रखवालदारानं माझं सामान दाराबाहेर आणून ठेवलं. शनिवारच्या गाडीनं घरी येतो.

तरी स्पष्ट लिहितो, चित्र मला आवडलेलं नाही. त्या बाईच्या हाताला हाडच नाही. पुढल्या वर्षी तिच्या शेजारी माझा रोमन सरदार टांगीन, खाली हेच नाव घालून. मास्तरांना ते दोनदा वाचावं लागेल.

भांडण आणि माया, दोन्ही चालू असू दे.

तुझा लाझार ओब्रिए