पावावरचा 'ड' आणि पावातले तेल

प्रति,
मे. चेअरमनसाहेब,
जीवनसत्त्व प्रसार कमिटी, रत्नागिरी.

विषय : जप्त केलेले दोन लाकडी ठसे परत मिळणेबाबत, न जमल्यास परवान्यात दुरुस्ती होणेबाबत.
संदर्भ : कमिटीचा हुकूम, "पाववाल्यांनी यापुढे प्रत्येक पावात अ व ड घालावे."

महोदय,

अर्जदार वजीर दाऊद फणसोपकर, धंदा पाव भाजण्याचा, सेवेशी विनंती करतो ती अशी :

अ) हुकूम मिळताच अर्जदाराने, मराठी चौथी पास असल्यामुळे, त्याचा अर्थ स्वतःच लावला. सुताराकडून 'अ' आणि 'ड' असे ठसे करून घेतले आणि कच्च्या पावांवर, एकावर 'अ' तर दुसऱ्यावर 'ड' असे, दाबले. गिऱ्हाईक वाढले. 'अ' डोळ्यांना आणि 'ड' हाडांना, हे कमिटीच्या भाषणांतून लोकांना पाठ होतेच. गंगुबाई शेट्ये येऊन म्हणाल्या, "वजीरभाय, आज दोन्ही पाव 'ड'चेच द्या, गुडघा धरलाय." दुसऱ्या दिवशी त्या किल्ला चढून भगवतीला गेल्या. आत्माराम मास्तरांनी चष्मा काढून पेपर वाचला. काय वाचले ते त्यांना सांगता आले नाही, पण वाचला.

ब), क) ही अक्षरे हुकुमात नसल्याने अर्जातही घातलेली नाहीत.

ड) पुढे कमिटीचे इन्स्पेक्टर काशीराम तपासणीस आले. "अरे, अक्षरं कसली छापतोस? माशाचं तेल घाल, तेल!" असे बोलून त्यांनी ठसे जप्त केले, मुशी माशाच्या काळजाच्या तेलाचा डबा ठेवला आणि तेल न घातल्यास परवाना रद्द, अशी तंबी दिली. अर्जदाराने तेल घातले. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली. अर्जदाराची बायको ताजबी म्हणाली, "पाव भाजताव की मुशी?" गंगुबाई पुन्हा लंगडू लागल्या, मास्तरांनी चष्मा चढवला. आता दुकानात माणूस येत नाही. मांजरे मात्र पार राजिवड्यापासून येतात आणि त्यांची तब्येत कमिटीने पाहण्याजोगी झाली आहे.

अर्जदाराच्या घरात पाच तोंडे आहेत. भट्टी विझली तर ती हुकूम खाणार नाहीत. तरी मेहेरबानांनी ठसे परत द्यावेत. नुसत्या अक्षरांनी गुण येतो, हे कमिटीस नवे नाही. तिच्या अहवालात जिल्ह्याची तब्येत सुधारली, ती अक्षरांनीच. ठसे देणे जमत नसेल, तर परवान्यातील 'माणसांसाठी' हा शब्द खोडून 'मांजरांसाठी' असा करून द्यावा.

भट्टीपाशी हुकुमाची वाट पाहत बसलेला,
वजीर दाऊद फणसोपकर
रत्नागिरी, ता. ८ डिसेंबर १९३७

सोबत : तेलाचा पाव, नग एक. निकाल देण्यापूर्वी खावा.